सुभाषितांची साक्ष

संस्कृतात सुभाषित या नावाने ओळखली जाणारी रचना बहुधा एकाच श्लोकाची असते आणि तो श्लोक समजण्यासाठी आधीच्या किंवा नंतरच्या कथेची गरज पडत नाही. काव्यशास्त्रकार अशा सुट्या, स्वयंपूर्ण श्लोकाला ‘मुक्तक’ म्हणतात आणि निरनिराळ्या कवींची मुक्तके एकत्र करून केलेल्या संग्रहाला ‘कोश’ ही संज्ञा देतात. जगण्यातले शहाणपण, विद्येची थोरवी, ग्रंथांचा उपयोग आणि निरुपयोग, राजसेवेतील अपमान, दारिद्र्य, मैत्री, म्हातारपण, पावसाळा, प्रेम, वैराग्य असे बहुतेक सगळे मानवी अनुभव या मुक्तकांत उतरले आहेत, आणि इसवी सनाच्या ११०० च्या सुमारापासून पुढे कित्येक शतके भारताच्या निरनिराळ्या भागांत त्यांचे मोठमोठे कोश तयार होत राहिले. त्या कोशांतील वचनांचा अधिकार किती मानावा आणि वाचकाच्या स्वतंत्र विचाराशी त्यांचे नाते काय, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

मराठी वाचकाची सुभाषितांशी पहिली ओळख सामान्यतः शाळेत होते. संस्कृतच्या पाठ्यपुस्तकातील दहाबारा श्लोक, त्यांचा अन्वय, खाली दिलेले तात्पर्य आणि परीक्षेसाठी केलेले पाठांतर या वाटेने ती वचने मनात शिरतात, आणि पुढे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला सुविचार, दिनदर्शिकेचे पान, निरोपसमारंभातील भाषण किंवा सकाळी मोबाइलवर येणारा संदेश या रूपांत ती आयुष्यभर भेटत राहतात. या प्रत्येक ठिकाणी सुभाषित एकटे येते; त्याच्या शेजारी दुसरे वचन नसते, ते कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटले याचा पत्ता नसतो, आणि म्हणून ते उपदेशासारखे, किंबहुना आज्ञेसारखे ऐकू येते. ज्या वचनापुढे प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही ते कितीही सुंदर असले तरी विचाराला चालना देत नाही, आणि सुभाषितांबद्दल आधुनिक वाचकाला जो कंटाळा वाटतो त्याचे मूळ श्लोकांपेक्षा त्यांच्या या एकटेपणात अधिक आहे.

मूळ कोशकारांची पद्धत याच्या नेमकी उलट होती. बंगालमध्ये श्रीधरदासाने १२०५ मध्ये ‘सदुक्तिकर्णामृत’ हा कोश रचला तेव्हा त्याने प्रत्येक विषयाला पाच श्लोक देण्याचा नियम पाळला. एकाच विषयावर पाच कवी बोलतात, त्यांत कोणी पूर्वीच्या शतकातला असतो, कोणी समकालीन, आणि संग्राहक त्यांपैकी कोणाच्याही बाजूने कौल देत नाही. भर्तृहरीच्या नावावरील नीतिशतकाच्या प्रचलित प्रतींमध्ये श्लोकांचे दहादहाचे गट पाडलेले आढळतात व त्या गटांना ‘पद्धती’ म्हणतात. त्यांत एका पद्धतीत धीर आणि उद्योग यांचे सामर्थ्य सांगितले आहे, तर दुसऱ्या पद्धतीत दैवापुढे पुरुषाचे काहीच चालत नाही असे सांगितले आहे, आणि उन्हाने डोके तापलेला टकला माणूस सावलीसाठी नेमका बेलाच्या झाडाखाली जातो व वरून पडलेल्या फळाने त्याचेच डोके फुटते, हे प्रसिद्ध चित्र या दुसऱ्या बाजूचे आहे. दोन्ही गट एकाच शतकात, एकाच कवीच्या नावावर सुखाने नांदतात. जो वाचक यांतील एकच श्लोक पाठ करतो त्याला एक मत मिळते. जो दोन्ही वाचतो त्याला प्रश्न मिळतो, आणि तो प्रश्न आपल्या अनुभवावर घासून पाहण्याचे काम त्याच्यावर येऊन पडते.

हीच रीत मराठी म्हणींतही दिसते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आणि ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून, एकाच आठवड्यात ऐकू येतात. पहिली निर्णयाचा अधिकार व्यक्तीकडे ठेवते, दुसरी तो समूहाकडे देते. मुलीच्या लग्नापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत कोणत्या प्रसंगी कोणती म्हण काढायची हे ठरवणारे शहाणपण म्हणीत नसते, ते बोलणाऱ्यात असते. म्हणींना कर्ता नसतो आणि सुभाषितांना बहुतेक वेळा असतो, एवढा भेद सोडला तर दोन्हींचा व्यवहार सारखा आहे. सुभाषित हा निवाडा मानला तर परस्परविरोधी सुभाषिते म्हणजे परंपरेतील गोंधळ ठरतो. ते साक्ष मानले, म्हणजे एका माणसाने एका स्थितीत पाहिलेले आणि प्रामाणिकपणे सांगितलेले सत्य मानले, तर हाच विरोध परंपरेचे धन ठरतो, कारण एकाच साक्षीदारावर विसंबून कोणताही विचारी माणूस निर्णय देत नाही.

या दृष्टीने आज उपलब्ध असलेल्या कोशांपैकी सर्वांत जुना मोठा कोश विशेष पाहण्यासारखा आहे. ११०० च्या सुमारास पाल राजांच्या राज्यात, आजच्या बांगलादेशाच्या उत्तर भागात असलेल्या जगद्दल या बौद्ध विहारात विद्याकर नावाच्या पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ तयार केला. त्यात ५० विभाग आणि १७०० हून अधिक श्लोक असून विभागाला तो ‘व्रज्या’ म्हणतो. आरंभीच्या व्रज्यांत बुद्ध, लोकेश्वर आणि मंजुघोष यांची स्तुती येते, पण तिच्या मागोमाग शिव, विष्णू आणि सूर्य यांच्याही व्रज्या येतात. मग ऋतू येतात, आणि त्यानंतर प्रेम, विरह, रुसवा यांचे श्लोक इतक्या मोठ्या संख्येने येतात की संग्राहक विहारात राहणारा होता हे वाचकाने विसरूनच जावे. सज्जन, दुर्जन, दीन आणि कवी यांच्यासाठीही स्वतंत्र व्रज्या आहेत. आपल्या पंथाबाहेरच्या देवांची उत्तम स्तुती आणि आपल्या जीवनमार्गाबाहेरच्या अनुभवाचे उत्तम वर्णन जतन करण्याजोगे आहे, असे या विद्वानाला वाटले. त्याने तसे कोठे लिहून ठेवलेले नाही, परंतु निवड हीच त्याची भूमिका आहे. याच कोशात योगेश्वर नावाचा कवी भेटतो, ज्याचे लक्ष राजवाड्यापेक्षा बंगालच्या खेड्यांकडे, पावसाने भरलेल्या शेतांकडे आणि शेतकऱ्यांच्या घरांकडे अधिक आहे. संस्कृत कविता म्हणजे केवळ दरबाराची कविता, अशी समजूत असलेल्या वाचकाने योगेश्वराचे श्लोक मुद्दाम वाचावेत.

या कोशाच्या संपादनात मराठी व कोकणी मुलखाचा वाटा मोठा आहे. नेपाळात मिळालेल्या, शीर्षकाचे पान हरवलेल्या एका खंडित हस्तलिखितावरून एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी १९१२ मध्ये ‘कवींद्रवचनसमुच्चय’ या कल्पित नावाने तो अंशतः छापला होता. पुढे राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमधील ङोर मठात ताडपत्रावरची प्रत आढळली, तिची छायाचित्रे भारतात आली, आणि नेपाळमधील आणखी एका प्रतीची जोड मिळाल्यावर ग्रंथाचे खरे नाव व स्वरूप स्पष्ट झाले. त्याची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे सर्व हस्तलिखितांची तुलना करून पाठ ठरवलेली आवृत्ती, दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले या दोघांनी सिद्ध केली आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राच्य ग्रंथमालेत ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. गोखले पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील बौद्ध विद्येचे अभ्यासक होते. कोसंबी गोव्यात जन्मलेले, व्यवसायाने गणिती आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे होते.

कोसंबींच्या संस्कृत व्यासंगात भर्तृहरीचे स्थान मध्यवर्ती आहे, आणि सुभाषित कसे वाचावे याचा वस्तुपाठ तेथे मिळतो. १९४० च्या दशकात त्यांनी भर्तृहरीच्या वैराग्याची कठोर चिकित्सा करणारा निबंध लिहिला; राज्यकर्त्यांच्या आश्रयावर जगणाऱ्या आणि त्या जगण्याला कंटाळलेल्या वर्गाची ही विरक्ती असून तिच्यात पलायन अधिक आहे, असा त्यांचा आशय होता. एवढे कडक मत असलेल्या माणसाने तो कवी बाजूला ठेवला असता तर कोणी नवल केले नसते. कोसंबींनी मात्र त्याच कवीच्या नावावरील श्लोकांची देशभरातील शेकडो हस्तलिखिते तपासली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की, तीन शतकांच्या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत साडेआठशेच्या आसपास श्लोक फिरत होते आणि त्यांपैकी सुमारे २०० श्लोकच सर्व परंपरांना समान होते. म्हणजे ज्याला लोक भर्तृहरी म्हणतात त्याचा बराच भाग लेखनिकांनी, पाठकांनी आणि रसिकांनी शतकानुशतके घडवला आहे. एखादे वचन आवडले की ते मोठ्या नावाला चिकटते, ही आजची तक्रार नवी नाही; नवे आहे ते एवढेच की हस्तलिखितांची तुलना करण्याचे साधन आज वाचकाला उपलब्ध आहे आणि तरीही नावाची शहानिशा करण्याची सवय मात्र लागलेली नाही.

जुन्या कोशकारांना ही सवय होती. अनेक कोशांत श्लोकाच्या शेवटी कवीचे नाव षष्ठी विभक्तीत लिहिलेले असते, ‘कालिदासस्य’, ‘भवभूतेः’ असे. आणि नाव ठाऊक नसेल तेथे ‘कस्यापि’, म्हणजे कोणा एकाचा, असे लिहून संग्राहक मोकळा होतो. त्यांच्या नोंदींत चुका आहेत, एकच श्लोक एका कोशात एकाचा आणि दुसऱ्या कोशात दुसऱ्याचा ठरतो, पण अनाम श्लोक केवळ उत्तम आहे म्हणून त्याला व्यास किंवा चाणक्य यांचे नाव देण्याचा मोह त्यांनी पुष्कळदा आवरला आहे. ‘कस्यापि’ या तीन अक्षरांत मोठी बौद्धिक शिस्त आहे. श्लोक कोणाचा हे माहीत नाही, तरी तो टिकवण्याजोगा आहे, असे तीत गृहीत धरलेले आहे; वचनाचे मोल वक्त्याच्या मोठेपणावर अवलंबून नाही हे त्यातून ओघानेच येते.

हा विचार स्पष्ट शब्दांत मांडणारा श्लोक कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या आरंभी आहे, आणि स्वतंत्र विचाराविषयीच्या सुभाषितांत त्याला पहिला मान दिला जातो. जुने ते सगळे चांगले असे नाही आणि नवे म्हणून काव्य टाकाऊ ठरत नाही, शहाणे लोक पारखून घेतात आणि मूढ माणूस दुसऱ्याच्या मतावर चालतो, असा त्याचा भाव आहे. हा श्लोक कोशातून वाचणाऱ्याला तो चिरंतन सत्याचा उद्गार वाटतो. नाटकातून वाचणाऱ्याला त्याची धार कळते. भास, सौमिल्ल आणि कविपुत्र यांच्यासारखे नावाजलेले नाटककार असताना या नव्या कवीचे नाटक का करायचे, असा प्रश्न सूत्रधाराच्या सहकाऱ्याने विचारलेला असतो आणि त्याला दिलेले हे उत्तर आहे. कालिदास तेव्हा ‘नवा’ होता. आज तोच श्लोक कालिदासाने म्हटला म्हणून मान्य केला जातो, म्हणजे परप्रत्ययावर, दुसऱ्याच्या मतावर, विसंबू नये हे मत परप्रत्ययानेच स्वीकारले जाते. हा विरोध ध्यानात आल्याशिवाय श्लोकाचा अर्थ पुरता पोचत नाही.

त्याहून एकाकी स्वर धर्मकीर्तीचा आहे. सातव्या शतकातील हा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ ज्ञानाची दोनच साधने मानतो, प्रत्यक्ष आणि अनुमान; शास्त्रकारांच्या भाषेत ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात, आणि ग्रंथाच्या शब्दाला धर्मकीर्तीने तिसरे स्वतंत्र प्रमाण म्हणून जागा दिली नाही. विद्याकराच्या कोशात त्याच्या नावावर एक श्लोक आहे, ज्यात वाटेवरचा पांथस्थ पुढे पाहतो तर कोणी नाही, मागे पाहतो तर कोणी येत नाही, वाटेवर ताजी पावलेही उमटलेली नाहीत. मग त्याच्या ध्यानात येते की पूर्वजांनी पाडलेली वाट आता रान माजून बुजली आहे आणि सगळ्यांचा रुंद, सोपा रस्ता तर त्याने स्वतःच सोडला आहे. या श्लोकाचे मर्म असे की, स्वतंत्र विचार करणारा येथे परंपरेचा शत्रू म्हणून उभा नाही. तो ज्या वाटेवर आहे ती जुन्यांचीच आहे, फक्त तिच्यावरून आज कोणी चालत नाही. स्वातंत्र्य आणि पूर्वसूरींचे ऋण यांचा इतका समजूतदार मेळ नीतिपर वाङ्मयात क्वचितच पाहायला मिळतो, आणि म्हणून एवढ्या एका श्लोकासाठीसुद्धा हा कोश जतन झाला याबद्दल कृतज्ञ राहावे.

ग्रंथांविषयी सुभाषितकारांची भूमिका आजच्या वाचनसंस्कृतीच्या घोषणांपेक्षा पुष्कळच सावध आहे. विद्या हे चोराला न चोरता येणारे, भावाभावांत न वाटले जाणारे आणि दिल्याने वाढणारे धन आहे, असे सांगणारे श्लोक सर्वपरिचित आहेत. परंतु जी विद्या पुस्तकातच राहिली ती दुसऱ्याच्या हाती दिलेल्या पैशासारखी ऐनवेळी कामास येत नाही, असेही एक तितकेच परिचित सुभाषित बजावते. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ दुर्मिळ होते, एक प्रत करायला महिने लागत, वाळवी आणि दमट हवा यांच्याशी कायमची झुंज असे, म्हणून पाठांतराचा हा आग्रह समजण्याजोगा आहे. तरीही त्याचा अर्थ केवळ घोकंपट्टी असा घेणे अन्यायाचे होईल, कारण ज्याला स्वतःची प्रज्ञा नाही त्याला शास्त्र काय करणार, आंधळ्याला आरसा काय दाखवणार, असे विचारणारा श्लोकही याच परंपरेतला आहे. पाठांतराने ग्रंथ हाताशी राहतो, प्रज्ञेने तो वापरता येतो. सुभाषितकारांना दोन्ही हवे आहे, आणि यांतले दुसरे शाळेच्या वर्गात बहुधा मागे पडते.

महाराष्ट्रातच तयार झालेला महत्त्वाचा कोश म्हणजे जल्हणाची ‘सूक्तिमुक्तावली’. देवगिरीच्या यादव राजा कृष्णाच्या पदरी जल्हण हत्तींच्या दलाचा अधिकारी होता आणि त्याच्यासाठी वैद्य भानू या पंडिताने १२५८ च्या सुमारास हा संग्रह रचला. त्यानंतर जेमतेम तीन दशकांनी याच यादवांच्या राज्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जल्हणाच्या कोशाचे ऋण एका विशेष कारणासाठी मानले पाहिजे. राजशेखराने पूर्वीच्या कवींवर आणि कवयित्रींवर लिहिलेले प्रशंसापर श्लोक येथे जपले गेले आहेत, आणि शीलाभट्टारिका, विज्जका, विकटनितंबा यांसारख्या स्त्रियांच्या काव्याला जुने रसिक किती मान देत होते हे त्यांवरून कळते. या कवयित्रींचे सलग ग्रंथ आज उरलेले नाहीत. कोशांत विखुरलेली त्यांची मुक्तके तेवढी हाती लागतात.

मात्र येथेच एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या कोशांनी या स्त्रियांचे शब्द राखले त्यांतच स्त्रियांची सरसकट निंदा करणारे श्लोकही आहेत, आणि जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी वचनेही आहेत. त्यांवर पांघरूण घालून निवडक गोड श्लोकांचे संग्रह छापणे हा वाचकाच्या बुद्धीवरचा अविश्वास आहे. हे श्लोक वाचावेत, ते कोणत्या समाजव्यवस्थेत कोणाच्या सोयीचे होते हे विचारावे, आणि ते नाकारावेत. श्लोक सुबक आहे, वृत्त निर्दोष आहे, एवढ्यावरून त्यातला विचार खरा ठरत नाही.

छापखाना आल्यानंतर सुभाषितांचा प्रसार पुष्कळ वाढला, आणि त्यात मुंबईचा क्रम पहिला लागतो. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यातून काशिनाथ पांडुरंग परब यांनी संकलित केलेले ‘सुभाषितरत्नभांडागार’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बाहेर पडले आणि त्याच्या आवृत्त्या विसाव्या शतकातही निघत राहिल्या. विद्या, सज्जन, दुर्जन, कृपण, कुवैद्य येथपासून राजनीती आणि नवरस यांपर्यंतची प्रकरणे असलेला हा जाडजूड ग्रंथ कीर्तनकार, वक्ते, शिक्षक आणि संपादक यांच्या हाताशी असे. त्यातील एक प्रकरण अन्योक्तीचे आहे. अन्योक्ती म्हणजे हत्ती, कोकिळ, चंदन, समुद्र अशा कोणाला तरी उद्देशून बोलत भलत्यालाच लागू पडेल असे वचन. या प्रकाराचे सामर्थ्य मराठी वृत्तपत्रसृष्टीने ओळखले होते: १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’ने आपल्या शिरोभागी जगन्नाथ पंडिताच्या एका अन्योक्तीचे वासुदेवशास्त्री खरे यांनी केलेले मराठी रूपांतर छापले होते, ज्यात मदांध हत्तीला, या रानात क्षणभरही थांबू नकोस, गुहेत सिंह निजला आहे, असा इशारा आहे. शाहजहानच्या काळातील कवीने लिहिलेला श्लोक पुण्याच्या पत्राने परक्या सत्तेसमोर धरला, आणि श्लोकातले एक अक्षरही राजद्रोहाचे म्हणता येईना. जुने वचन नव्या प्रसंगी कोणी, कसे उभे करावे याचे याहून नेमके उदाहरण मराठीत शोधूनही सापडणे कठीण.

विद्याकराच्या कोशाकडे शेवटी पुन्हा वळणे आवश्यक आहे, कारण त्याच्या संपादनाबरोबर एक वादही जन्मला. कोसंबींनी आपल्या प्रस्तावनेत संस्कृत काव्याचा वर्गीय दृष्टीने विचार केला आणि हे काव्य ज्या आश्रयदात्यांच्या श्रमविमुख जीवनातून निपजले त्याच्या मर्यादा त्यात कशा उतरल्या हे दाखवले. ग्रंथमालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना ही भूमिका पटली नाही. काव्याला समाजस्थितीचे केवळ प्रतिबिंब मानल्याने त्याचे काव्यपणच निसटते, असा त्यांचा रोख होता. तरीही त्यांच्याच मालेत कोसंबींची प्रस्तावना प्रसिद्ध झाली, आणि इंगल्स यांनी १९६५ मध्ये संपूर्ण कोशाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करताना आपला मतभेद उघडपणे मांडला. दोघांनीही एकाच पाठावर वर्षानुवर्षे काम केले होते, दोघांनाही प्रत्येक श्लोक ठाऊक होता, आणि दोघांचेही म्हणणे श्लोक समोर ठेवून तपासता येते. योगेश्वराचे खेड्यांवरील श्लोक कोसंबींच्या सिद्धांतात कितपत बसतात, दीनांच्या व्रज्येतील उपाशी मुलांची आणि गळक्या छपरांची वर्णने इंगल्स यांच्या रसवादी मांडणीला किती पेलतात, हे प्रश्न आजही खुले असून त्यांची उत्तरे शोधू पाहणाऱ्या वाचकाने प्रथम कोश हाती घ्यावा आणि त्यानंतरच या दोन प्रस्तावना वाचाव्यात.